बांबूच्या परांचीवर 'डबल लॅनयार्ड' का चालत नाही: रंगकामासाठी मिळणाऱ्या पाच सेफ्टी बेल्टांचं परीक्षण

पावसाळा सरला की मुंबई-पुण्यातल्या सोसायट्यांना परांच्या चढायला लागतात. रंगकामाच्या कोटेशनमध्ये हल्ली एक ओळ हमखास असते: 'सर्व कामगारांना सेफ्टी बेल्ट देण्यात येईल.' कमिटी ती ओळ वाचते आणि पुढे दराकडे वळते. पण नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत 'सेफ्टी बेल्ट' मागितला, तर काउंटरवर पाच वेगवेगळ्या वस्तू येऊ शकतात. त्यांतल्या दोन पडणाऱ्या माणसाला वाचवणार नाहीत. उरलेल्या तिन्हींपैकी कुठली घ्यायची, हे परांची कशाची आहे यावर ठरतं.

इथे समोर धरलेलं काम असं: सात मजली, साधारण २१ मीटर उंचीची इमारत, बाहेरून भेगा भरणं, गिलावा, मग रंग. परांची बांबूची, काही बाजूंना झुला, म्हणजे गच्चीवरून दोरांनी टांगलेली फळी. कंपन्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. एकच कंपनी काही शे रुपयांचं किटही विकते आणि पाच हजारांचंही, त्यामुळे नाव पाहून दर्जा कळत नाही. तो लेबल आणि लॅनयार्ड, म्हणजे पट्ट्याला जोडलेला हुकाचा दोर किंवा पट्टी, पाहून कळतो.

पहिला प्रकार कमरपट्टा. कमरेला रुंद पट्टा, त्याला एक कडी, कडीला दोर. अमेरिकेत १ जानेवारी १९९८ पासून पडणं अडवायला तो वापरता येत नाही. कारण उघड आहे. माणूस पडून थांबतो तेव्हा सगळा झटका पोटावर, बरगड्यांवर आणि मणक्यावर येतो, शरीराची कमरेत घडी होते, आणि डोकं खाली गेलं तर माणूस पट्ट्यातून सुटूनही जातो. गच्चीच्या मधोमध वॉटरप्रूफिंग करणाऱ्याला कडेपर्यंत जाताच येऊ नये, इतका आखूड दोर बांधायचा असेल तर कमरपट्टा चालेल. परांचीवर तो नकोच. ठेकेदाराने हाच आणला असेल तर काम सुरू होण्याआधी परत पाठवा.

दुसरा प्रकार जास्त धोक्याचा, कारण तो दिसायला बरोबर दिसतो. पूर्ण शरीराचा हार्नेस असतो: पाठीवर कडी, छातीला पट्टा, दोन्ही मांड्यांना पट्टे. पाठीच्या कडीतून दोन पीळदार दोर निघतात, बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलिनचे, आणि त्यांच्या टोकाला मोठे हुक. दुकानात याला 'डबल लॅनयार्ड फुल बॉडी' म्हणतात. फोटोत माणूस सुरक्षित दिसतो. फक्त पाठीची कडी आणि दोर यांच्यामध्ये काहीच नसतं. झटका शोषून घेणारं पाकीट, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर नसतो.

त्याने काय होतं, याचं गणित पेन्सिलीने करता येतं. अवजारांसकट १०० किलोचा माणूस १.८ मीटर मोकळा पडला आणि दोर ताणून त्याला २० सेंटिमीटरमध्ये थांबवलं, तर त्याच्या अंगावर थांबेपर्यंत सरासरी जवळजवळ १ टन भार येतो. क्षणभराचा सर्वांत मोठा झटका त्याहूनही बराच जास्त. तोच माणूस १ मीटर अंतरात हळूहळू थांबला तर सरासरी भार २८० किलोच्या आसपास उतरतो. हा फरक सगळा त्या नसलेल्या पाकिटाचा आहे. 'दोर ताणतोच की' असं सांगून हे किट विकलं जातं. १.८ मीटरचा दोर ताणून ताणून किती ताणणार? माणूस थांबेल, पण पाठ मोडून थांबेल. नाहीतर ज्याला हुक लावला होता ते उखडेल आणि माणूस थांबणारच नाही.

तिसरा प्रकार म्हणजे पट्टीचा दुहेरी लॅनयार्ड, शॉक अ‍ॅब्सॉर्बरसह. हातात घेऊन नीट पाहावी अशी वस्तू आहे. पाठीच्या कडीजवळ तळहाताएवढं पाकीट असतं, वर पारदर्शक किंवा काळं आवरण. आत एक लांब पट्टी घड्या घालून शिवलेली असते. झटका बसला की त्या घड्यांचे टाके एकामागून एक उसवत जातात, आणि प्रत्येक उसवणाऱ्या टाक्यात पडण्याची थोडी ऊर्जा खर्च होते. युरोपीय मानक ईएन ३५५ प्रमाणे अंगावर येणारा झटका ६ किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण ६१० किलोच्या, आत राहायला हवा, पट्टी १.७५ मीटरपेक्षा जास्त उलगडता कामा नये, आणि अ‍ॅब्सॉर्बर धरून लॅनयार्डची लांबी २ मीटरच्या वर जाता कामा नये. पाकिटावरचं आवरण फाटलं असेल, आतली पट्टी थोडीशी जरी बाहेर आली असेल, तर तो लॅनयार्ड संपला. चिकटपट्टी लावून परत वापरलेले लॅनयार्ड साइटवर दिसतात. ते तिथल्या तिथे बाद करावेत.

दोन पाय कशासाठी, तर एक हुक सोडून पुढे लावताना दुसरा लागलेला राहावा म्हणून. चुकतं ते रिकाम्या हुकाचं. हालचाल करताना लोंबकळू नये म्हणून कामगार तो हुक हार्नेसच्याच कमरेच्या लोखंडी कडीला अडकवतात. मग पडल्यावर भार अ‍ॅब्सॉर्बरला वळसा घालून त्या दुसऱ्या पायातून सरळ कमरेवर जातो, आणि पाकीट उघडतच नाही. चांगल्या हार्नेसच्या छातीच्या पट्ट्यावर रिकामा हुक ठेवायला प्लास्टिकचं किंवा कापडी छोटं कडं असतं. ते मुद्दाम कमजोर केलेलं असतं, झटका आला की सुटतं. विकत घेताना ते आहे का पाहा, आणि कामगाराला ते कशासाठी आहे हे एकदा दाखवा.

मग हा तिसरा प्रकार घ्यावा का? लोखंडी पाइपच्या परांचीसाठी जरूर. बांबूसाठी नाही, आणि कारण अगदी साधं आहे: हुक बांबूत बसत नाही. हे हुक परांचीच्या ४० एनबी (आतला नाममात्र व्यास ४० मिमी) पाइपसाठी बनवलेले असतात. त्या पाइपचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी आणि हुकाचं तोंड साधारण ५० ते ६० मिमी उघडतं. आपल्याकडचा परांचीचा बांबू त्याहून जाड असतो. मग कामगार काय करतो? हुक बांधणीच्या काथ्याला अडकवतो. किंवा लॅनयार्डचा बांबूला वेढा घालून हुक त्याच लॅनयार्डवर परत लावतो. अशा वेढ्यात हुकाच्या दांडीऐवजी त्याच्या झडपेवर आडवा भार येतो, आणि झडप त्यासाठी नसते. शिवाय समजा हे सगळं टिकलं, तरी बांबूची बांधणी ओढ सोसायला केलेली नसते. एक माणूस पडला तर पट्ट्यातली अख्खी परांची सैल होऊ शकते, आणि तिच्यावर आणखी चार जण उभे असतात.

इथे आणखी एक अडचण येते, आणि ती हुकापेक्षा मोठी आहे. पायांशी हुक लावून पडलं तर खाली किती जागा मोकळी हवी? लॅनयार्ड १.८ मीटर, अ‍ॅब्सॉर्बर उलगडून १.७५ मीटर, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत १.५ मीटर, वर १ मीटर राखीव. बेरीज ६.०५ मीटर. मजला ३ मीटरचा धरला तर दुसऱ्या मजल्याच्या फरशीच्या खाली काम करणारा, हुक पायाशी लावलेला माणूस जमिनीवर आपटू शकतो, मग हार्नेस कितीही महाग असो. हुक डोक्यावर, पायांपासून १.८ मीटर वर लावला तर हीच गरज ४.२५ मीटरवर येते. म्हणून 'हुक नेहमी डोक्यावर' हा नियम. आणि खाली म्हणजे फक्त जमीन नव्हे. खाली छज्जा असतो, एसीचं युनिट असतं, पार्किंगच्या शेडचा पत्रा असतो, आणि परांचीचेच खालचे बांबू असतात. परांचीवरून पडणारा माणूस सहा मीटर मोकळ्या हवेत जात नाही, तो खालच्या थरावर आपटतो.

म्हणूनच परांचीवर सगळ्यात आधी पैसे घालायचे ते फळीत आणि कठड्यात. पाय ठेवायला एकमेकांना लागून बांधलेल्या फळ्या, मांडीच्या वर, साधारण १ मीटरला एक आडवा बांबू, त्याच्या अर्ध्यावर दुसरा. परांची आणि शिड्यांसाठी आयएस ३६९६ हे भारतीय मानक आहे. ठेकेदाराला त्याचा क्रमांक ठाऊक असला, तर बोलणं लवकर मार्गी लागतं. नुसत्या दोन बांबूंवर पाय टेकून, एका हाताने धरून रंग मारणाऱ्याला कितीही चांगला पट्टा दिला तरी ते अर्धंच काम.

बांबूच्या परांचीसाठी आणि झुल्यासाठी आमची निवड चौथा प्रकार: हार्नेस, गच्चीवरून सोडलेली उभी लाइफलाइन आणि तिच्यावर सरकणारा रोप ग्रॅब. यात माणूस परांचीला बांधलेला नसतोच, तो इमारतीला बांधलेला असतो. परांची कोसळली तरी तो दोरावर राहतो. रोप ग्रॅब दोरावर माणसाबरोबर वर-खाली सरकतो आणि झटका आला की दोर आवळतो. पडण्याचं अंतर दीड-दोन मीटरऐवजी बरंच कमी राहतं, कारण पकड नेहमी छातीच्या किंवा खांद्याच्या उंचीला ठेवता येते.

पण हा संच सुटा-सुटा गोळा करता येत नाही. रोप ग्रॅबवर दोराचा व्यास कोरलेला असतो, उदाहरणार्थ १२ किंवा १४ मिमी. त्यालाच धरून दोर घ्यायचा, आणि तोही आत गाभा व बाहेर विणलेलं आवरण असलेला, कमी ताणणारा. पिवळा-निळा पॉलिप्रॉपिलिनचा दोर सामान वर ओढायला ठीक आहे. उन्हात तो लवकर ठिसूळ होतो, साधारण १६५ अंशाला वितळतो, आणि पकडीखाली घसरताना घर्षणाने तेवढं तापायला वेळ लागत नाही. ग्रॅबवर बाण असतो. बाण वरच्या दिशेला. उलटा बसवला तर पकडतच नाही, म्हणून दर वेळी लावल्यावर खाली जोरात ओढून पाहायचा, मग पाय उचलून एकदा अंगाचा भार टाकून पाहायचा. हे करायला दहा सेकंद लागतात. पडताना माणूस घाबरून ग्रॅबच घट्ट धरतो, आणि काही जुन्या बनावटींत हाताने धरलेला ग्रॅब उघडाच राहतो. खरेदीच्या वेळी दुकानात हेच करून पाहा: ग्रॅब मुठीत धरून दोर झटकन ओढा. न पकडणारा घेऊ नका.

एका लाइफलाइनवर एकच माणूस. खालच्या टोकाला गाठ मारलेली असावी, म्हणजे ग्रॅब दोरातून निसटणार नाही, आणि थोडंसं वजन, म्हणजे वर चढताना ग्रॅब दोर उचलत बसणार नाही. दोर ताणतो हेही लक्षात ठेवा. माणूस खालच्या मजल्यांवर असताना त्याच्या वर २० मीटर दोर असतो. पाच टक्के ताण धरला तरी तो १ मीटर खाली येतो. पहिल्या मजल्यावरची लाइफलाइन म्हणून कमी भरवशाची, आणि तिथे पुन्हा फळी-कठड्याकडेच यावं लागतं.

आता गच्चीवर. सगळ्या संचात पैसे न लागणारा आणि सगळ्यात जास्त चुकणारा भाग म्हणजे दोर कशाला बांधला. पाण्याचा पाइप, डिशचा स्टँड, गच्चीच्या कठड्यात बसवलेलं लोखंडी रेलिंग, सोलरचा सांगाडा, वायुवीजनाचा ओतीव पाइप: यांतलं एकही चालत नाही. साडेचार इंची विटांचा कठडा तर अजिबातच नाही, तो माणसासकट बाहेर येईल. लिफ्टच्या मशीन रूमचा किंवा जिन्याच्या टॉवरचा आरसीसी कॉलम शोधा आणि त्याला पट्टीचा स्लिंग गुंडाळा. अमेरिकी नियमात प्रत्येक माणसामागे अँकरची, म्हणजे दोर बांधायच्या जागेची, ताकद ५,००० पौंड, म्हणजे २२ किलोन्यूटन धरतात. सोप्या शब्दांत, दोन टनांहून जास्त भार लटकवता येईल असं काहीतरी. कॉलमचं काँक्रीट फुगून सळई दिसत असेल तर तो कॉलमही बाद, आणि मुंबईच्या जुन्या इमारतींत असे कॉलम कमी नाहीत. झुला असेल तर झुल्याचे दोर एका जागी आणि माणसाची लाइफलाइन दुसऱ्या जागी. दोन्ही एकाच कॉलमला बांधले तर कॉलम गेल्यावर दोन्ही जातात, आणि लाइफलाइन असून नसल्यासारखी होते.

कठड्याच्या धारेवर दोर नागडा ठेवू नका. तिथे जवळून पाहिलं तर दिसतं: सिमेंटच्या कडेला वाळूचे कण बाहेर आलेले असतात, आणि माणूस दिवसभर डावीकडे-उजवीकडे सरकतो तसा दोर त्या एकाच इंचावर करवतीसारखा घासत राहतो. संध्याकाळी त्या जागी आवरणाचे धागे लव आल्यासारखे उभे राहिलेले असतात. जुन्या फायर होजचा फूटभर तुकडा लांबीत चिरून दोरावर चढवायचा आणि बांधायचा. फुकटात होतं. आतला पांढरा गाभा दिसायला लागला की दोर फेकायचा. आणि दोर कामाच्या जागेच्या शक्य तितका सरळ वर असू दे. चार मीटर बाजूला बांधलेल्या दोरावर माणूस पडला की तो लंबकासारखा झुलून डक्टच्या कोपऱ्यावर आपटतो.

पाचवा प्रकार, आपोआप मागे खेचला जाणारा ब्लॉक, गाडीच्या सीटबेल्टसारखा. टाकीच्या शिडीसाठी उत्तम, थोड्याच अंतरात थांबवतो. रंगकामात मात्र आतल्या स्प्रिंगमध्ये पुट्टीची भुकटी जाते, आणि कठड्याच्या धारेवरून वापरायला बहुतेक ब्लॉक बनवलेलेच नसतात. किंमतही जास्त. सोसायटीच्या रंगकामासाठी सोडून द्या.

हार्नेस स्वतः तिसऱ्या-चौथ्या प्रकारात जवळपास तोच असतो, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. लेबलवर आयएस ३५२१ किंवा ईएन ३६१, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि अनुक्रमांक हवा. आयएसआय शिक्का असेल तर त्याच्यासोबत 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर टाकून कंपनीचं नाव जुळतं का पाहा. पट्टा साधारण ४४ मिमी रुंद. शिवणीचा धागा पट्ट्याच्या रंगाहून वेगळा असावा, पिवळ्यावर काळा किंवा लाल, कारण एकरंगी शिवणीत तुटलेला टाका दिसत नाही. पाठीच्या कडीजवळ पट्ट्याची एक छोटी शिवलेली घडी असेल तर चांगलं: ती उसवलेली दिसली की तो हार्नेस एकदा पडलेला आहे, हे लगेच कळतं.

घालताना बहुतेक चुका मांडीच्या पट्ट्यांशी होतात. उकाड्यात ते काचतात म्हणून सैल सोडतात किंवा लावतच नाहीत. तसं पडलं तर हार्नेस वर सरकून गळ्यापर्यंत येतो. पट्ट्यात सरळ हात जावा, मूठ जाऊ नये. पाठीची कडी दोन खवाट्यांच्या मध्ये. छातीचा पट्टा छातीच्या मध्यावर. आपल्याकडे 'एकच साइज सगळ्यांना' म्हणून विकले जाणारे हार्नेस पन्नास किलोच्या पोरावर ढगळ बसतात. दोन मापांचे मागा, मिळतात.

धुवायला साधा साबण आणि गार पाणी, वाळवायला सावली. थिनर लावून रंगाचे डाग काढू नका, आणि पट्ट्यावर मार्करने नाव लिहू नका. नाव लेबलवर लिहा. सिमेंटच्या गोणीवर फेकलेला हार्नेस काही महिन्यांत कडक होतो. पट्टा दुमडून पाहा: चिरा दिसल्या, धागे पांढुरके पडले असले, तर तो गेला. वर्षातून किमान एकदा जाणकाराची तपासणी हवी. रंगकामाच्या साइटवर दर आठवड्याला मुकादमाने वहीत क्रमांकानुसार टिपलं तर जास्त बरं. एकदा पडलेला किंवा बाद केलेला संच कचऱ्यात तसाच टाकला तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी अंगावर असतो. कात्रीने पट्टे कापून टाका.

आणि पकडलेल्या माणसाचं पुढे काय? हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं आणि काही मिनिटांतच तो बेशुद्ध होऊ शकतो. फायर ब्रिगेड येईपर्यंत थांबणं धोक्याचं. चांगल्या संचात पाय टेकायला एक छोटी पट्टी येते, लटकल्यावर ती सोडून त्यात उभं राहायचं आणि पाय हलवत राहायचे. नसेल तर वेगळी मिळते. त्याखेरीज जवळच्या खिडकीतून किंवा परांचीच्या थरावरून त्याला आत ओढायला कोण जाणार, हे सकाळीच ठरलेलं असावं.

ठेकेदाराच्या वर्क ऑर्डरमध्ये 'सेफ्टी बेल्ट' हा शब्द काढून पुढचं लिहा: प्रत्येक कामगाराला लेबल असलेला पूर्ण शरीराचा हार्नेस, बांबूच्या परांचीवर व झुल्यावर प्रत्येकाला स्वतंत्र लाइफलाइन आणि तिच्या व्यासाचा रोप ग्रॅब, अँकर झुल्यापासून वेगळ्या आरसीसी कॉलमला, पाइपच्या परांचीवर अ‍ॅब्सॉर्बरसह दुहेरी लॅनयार्ड, कामाच्या थराला फळ्या आणि दोन आडवे, गच्चीवरचे अँकर काम सुरू होण्याआधी सोसायटीच्या इंजिनिअरने पाहून वहीत सही करावी. आठ कामगारांचा असा संच घेतला तर सात मजली इमारतीच्या रंगाच्या बिलात तो लहानसा आकडा असतो. तो वेगळी ओळ म्हणून दाखवायला सांगा, म्हणजे दर पाडताना पहिली कात्री तिथे लागणार नाही.